उसनं नाक

मालकीणबाई दारातच थांबल्या. त्यांनी एक लांब श्वास आत घेतला आणि तो बाहेर न सोडताच म्हणाल्या, "वास येतोय."

"कसला?" गोदामबाबूंनी विचारलं.

"कुबट. ओलं पायपुसणं पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली हरवली, तसला." मग त्यांनी श्वास सोडला, कारण तो कधी ना कधी सोडावाच लागतो. "मी वर राहते, माझं घर बघा. दिवसातून तीनदा फरशी पुसते मी, भरपूर पाणी घेऊन. खिडक्या बंद. धुळीचा कण दाखवा! आणि खाली हे असं. भिंती माझ्या आहेत हो. एकदा वास भिंतीत मुरला की तो कायमचा भाडेकरू होतो."

"काकू, हवाच दमट आहे ना सध्या," गोदामबाबूंची बायको म्हणाली.

"मला काय वेगळी हवा येते का गं? रविवारी पुन्हा येईन. वास असला तर पुढच्या महिन्यात दुसरं घर बघा. राग मानू नका, आधी सांगितलेलं बरं."

एवढं बोलून त्या वर गेल्या. जाताना जिन्याच्या कठड्यावरून त्यांनी एक बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. बोट स्वच्छ निघालं, तेव्हा त्यांचा थोडा हिरमोड झाला.

खाली कुणी रागावलं नाही. रागवायला अंगात त्राण लागतं. गोदामबाबूंनी लग्नानंतर इतकी घरं बदलली होती, की त्यांच्या कपाटाचा एकेक पाय एकेका घरात राहिला होता आणि ते आता विटांवर उभं होतं. मागच्या वेळी ते जिन्यावरून उतरवताना गोदामबाबूंच्या कमरेतून जो आवाज आला, तो ऐकून शेजारपाजारचे लोक खिडकीत आले होते. तेव्हापासून घरात 'सामान' हा शब्द हळू आवाजात उच्चारला जाई.

"मी मेले तरी आता सामान बांधणार नाही," बायको खाली बसत म्हणाली.

"मला बांधा आणि इथंच ठेवा," गोदामबाबूंची आई पलंगावरून म्हणाली. "पण मी आता दुसरा जिना चढायची नाही. या घराला जिना नाही म्हणून तर मी जिवंत आहे."

एवढं म्हटल्यावर वास घालवणं भाग होतं. अडचण वेगळीच होती. तो वास घरात कुणालाच येत नव्हता.

गोदामबाबू धान्याच्या गोदामावर होते. इतकी वर्षं नाकात भुसा, धूळ आणि कीटकनाशकाची पावडर जाऊन त्यांचं नाक केवळ चष्मा टेकवण्यापुरतं उरलं होतं. बायको दातांच्या दवाखान्यात बसे. पेशंटांची नावं पुकारता पुकारता दिवसभर तिच्या नाकात लवंगेचं तेल जाई, त्यामुळे तिला भाजी, साबण आणि नवरा या सगळ्यांना लवंगेचाच वास येत असे. आईच्या नाकाने तर केव्हाच निवृत्ती घेतली होती. म्हणजे घरात नाकं तीन आणि चालू एकही नाही. आता या तिघांना कधीही न आलेला वास घरातून घालवायचा होता. हे म्हणजे ज्याला कधी पाहिलं नाही अशा पाहुण्याला निरोप देण्यासारखं होतं.

आणि दिवसही असे होते, की विचारू नका. मीठ बरणीतून पडत नव्हतं, ओघळत होतं. वाळत घातलेले कपडे वाळत नव्हते, नुसते गार होत होते. सकाळचं वर्तमानपत्र हातात धरलं की वाकून नमस्कार करत होतं. अंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाला अंघोळ झाली की व्हायचीय, हे सांगता येत नव्हतं.

पहिला उपाय म्हणून त्यांनी मालकीणबाईंचंच ऐकलं. खिडक्या बंद केल्या आणि दिवसातून तीनदा फरशी पुसली, भरपूर पाणी घेऊन. सकाळी पुसलेली फरशी दुपारी ओली असे. मग ती दुपारी पुसत. संध्याकाळी तर ती पुसायच्या आधीच ओली असे, तरी ठरवलंय म्हणून पुसत. आईच्या पायांना सुरकुत्या होत्याच, आता सुरकुत्यांना सुरकुत्या पडल्या.

"अरे, माझ्या चपला तरंगायच्या बाकी राहिल्यात," ती म्हणाली. "वास गेला का?"

"कुणास ठाऊक," गोदामबाबू म्हणाले. "तुला येतोय?"

"मला आधी तरी कुठे येत होता?"

तेव्हा गोदामबाबूंमधला गोदामबाबू जागा झाला. घरात त्यांचं कुणी ऐकत नसलं तरी गोदामात त्यांचं धान्यही ऐकत असे. त्यांच्या हाताखाली एक पोतं कधी कुबट झालं नव्हतं. त्यांनी बाह्या सरसावल्या.

"साधी गोष्ट आहे," ते म्हणाले. "ओल कुठून येते? भिंतीतून आणि जमिनीतून. म्हणून माल कधी भिंतीला टेकवायचा नाही आणि जमिनीवर ठेवायचा नाही. भिंतीपासून हातभर, जमिनीपासून वीतभर. झालं!"

"आपल्याकडे माल कुठंय?" बायकोने विचारलं.

गोदामबाबूंनी घरावरून एक नजर फिरवली. त्या नजरेत पलंग, कपाट, टेबल, फ्रिज आणि आई, सगळं आलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी लाकडाच्या जुन्या फळ्या गोळा करून आणल्या, आणि ज्या माणसांनी मेले तरी सामान हलवणार नाही असं म्हटलं होतं त्यांनी घरातलं सगळं सामान हलवलं. पलंग मध्ये आला. कपाट त्याच्या पायथ्याशी आलं. टेबलाला जागा राहिली नाही, म्हणून ते पलंगावर चढलं. फ्रिज आणि कपाट समोरासमोर आले, त्यामुळे फ्रिजचं दार उघडलं की कपाटाचं दार उघडत नसे. म्हणजे दूध किंवा कपडे, एका वेळी दोन्हींपैकी एकच मिळे. बायको दवाखान्यात जायला निघताना पलंगावर चढून, टेबल ओलांडून, कपाटाच्या फटीत हात घालून हाताला येईल ते नेसे.

भिंतींच्या कडेने मात्र घरभर हातभर रुंदीचा रस्ता तयार झाला होता. त्यावरून लोक आडवे चालत.

"समोरून कुणी आलं तर?" आईने विचारलं.

"मागे जायचं."

"या वयात?"

पुढचा नियम खिडक्यांचा होता. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा कोरडी असेल तेव्हाच खिडकी उघडायची, एरवी नाही. अशी वेळ दिवसात कशीबशी एकदा, भर दुपारी येत असे. तेव्हा गोदामबाबू गोदामातून फोन करत.

"आई, उघड."

फळ्यांवरच्या पलंगावरून उतरायला आईला स्टूल लागे. स्टूल शोधून, उतरून, आडवं चालत ती खिडकीशी पोचेपर्यंत पुन्हा फोन वाजे.

"आई, आता बंद कर. ढग आलेत."

शिवाय जागोजागी वाट्या होत्या. वाटीत कधी कोळसा, कधी खाण्याचा सोडा, कधी खडेमीठ. मिठाचं रोज पाणी होई, आणि गोदामबाबू ते बेसिनमध्ये ओतताना विजयी मुद्रेने म्हणत, "बघ, एवढी ओल घरात होती." बायको त्या वाटीकडे बघत उभी राही. त्याच वाटीतलं मीठ चुकून भाजीत गेलं होतं, पण ते सांगायला तिच्यात दम नव्हता.

शनिवारी मात्र तिचाही तोल गेला. गोदामात पोत्याच्या पोटात काय चाललंय हे बघायला एक टोकदार नळी असते. ती पोत्यात खुपसायची, तिच्यातून दाणे बाहेर येतात, ते हातावर घेऊन बघायचे. गोदामबाबूंनी ती नळी घरी आणली आणि गादीत खुपसली.

"अहो, हे काय करताय!"

"नमुना घेतोय." त्यांनी तळहातावर कापूस घेतला, चोळला, उजेडात धरला. "कोरडा आहे."

"आणि गादीला भोक पडलं त्याचं काय?"

"गोदामात आपण वरून ठिगळ मारतो."

"गोदामात त्या पोत्यावर आपण झोपतो का?"

गोदामबाबू नळी घेऊन उशीकडे वळले होते.

सगळं झालं, तरी मूळ प्रश्न होताच. वास गेला की आहे? उद्या मालकीणबाई दारात उभ्या राहून लांब श्वास घेणार, आणि त्या श्वासात या तिघांचं घर राहणार की जाणार हे ठरणार. त्याआधी कुणीतरी तपासून सांगायला हवं होतं.

"आपल्याला एक नाक लागेल," बायको म्हणाली. "चालू असलेलं."

असं नाक समोरच्या दारातच होतं. समोरच्या घरातल्या सूनबाईला नुकतेच दिवस गेले होते, आणि हल्ली गल्लीच्या टोकाला कुणी कांदा चिरला तरी इकडे तिला मळमळत असे. रविवारी सकाळी बायको समोर गेली. शेजाऱ्यांकडे साखर, इस्त्री, शिडी असलं काही मागायची पद्धत असते. हिने सूनबाईचं नाक मागितलं.

सूनबाईच्या सासूने थोडा विचार केला. "न्या. पण जपून हो. आणि झालं की आणून सोडा."

सूनबाई तोंडावर रुमाल धरून आली. आत आल्यावर तिने रुमाल बाजूला केला आणि डोळे मिटले.

"इथे काल बटाटे उकडले होते," ती म्हणाली.

"परवा," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

सूनबाई भिंतीच्या कडेने आडवी सरकली. "इथे दादांचे मोजे."

"ते धुतलेत गं!"

"धुण्याआधीचे, ताई." ती आणखी सरकली. "लवंग. लवंग. इथेही लवंग. इथे आजींनी उशीखाली बिस्किटं ठेवलीयत."

"नाही ठेवलेली," आई उशीवर हात ठेवत म्हणाली.

"आणि कुबट?" गोदामबाबूंनी घसा खाकरून विचारलं. "ओलसर? पायपुसण्यासारखा?"

सूनबाईने मान हलवली. "नाही, दादा. तसलं काहीच नाही. घर तुमचं कोरडं खडखडीत आहे."

गोदामबाबू कपाटाला टेकले. आनंद झाला की उड्या मारायच्या असतात हे त्यांना माहीत होतं, पण ते काम त्यांनी पुढे ढकललं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एवढी दमली होती, की पुसायच्या आधी तिने हवा कोरडी आहे का याचा विचार केला.

तेवढ्यात दारात मालकीणबाई आल्या. तपासणीला येताना नीटनेटकं यायला हवं म्हणून त्यांनी आज कपाटातले ठेवणीतले कपडे घातले होते. घडीवर घडी मोडत त्या दारातून आत घुसल्या, भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत आडव्या शिरल्या आणि सरकत सरकत थेट सूनबाईच्या नाकासमोर येऊन थांबल्या.

सूनबाई आधी पांढरी झाली, मग हिरवी. मग तिने रुमाल तोंडावर दाबला आणि आडवी धावत बेसिन गाठलं. पुढचे आवाज सगळ्यांनी ऐकले.

मालकीणबाईंनी लांब श्वास घेतला. "बघा!" त्या म्हणाल्या. "मला येतो तर मी खोटी. आता त्या पोटुशा पोरीला तुमच्या घरात उलटी झाली, तीही खोटी का? आणि हा काय पसारा मांडलाय? बांधाबांध आधीच सुरू केली वाटतं. बरं केलंत. महिनाअखेरीस मोकळं करा." आणि त्या आल्या तशा आडव्या निघून गेल्या.

बायको बेसिनपाशी सूनबाईची पाठ चोळत होती. "तू म्हणालीस ना गं वास नाही म्हणून?"

"नव्हताच, ताई," सूनबाई धापा टाकत म्हणाली. "तो आत्ता आला."

"कुठून?"

"दारातून. चालत."

बायकोचा हात पाठीवरच थांबला.

"आता जातोय," सूनबाई डोळे मिटून म्हणाली. "जिन्यावर आहे... आता वळणावर... आता वर गेला." तिने मोकळा श्वास घेतला. वरती दार लागल्याचा आवाज आला. "काकूंच्या कपड्यांना येतो तो. बंद कपाटातला आहे."

सूनबाईला परत नेऊन सोडल्यावर तिघं फळ्यांवरच्या पलंगावर ओळीने बसली. म्हणजे काकू ज्या घरात जातील तिथे तो वास येणार, आणि जिथे जातील तिथलं घर त्या वाईट ठरवणार. त्यांना स्वतःला तो घरी येत नसणार, कारण घरी तो सगळीकडेच आहे.

"मी जाऊन सांगते," आई म्हणाली. "म्हणावं, बाई, तुमच्या अंगाला येतो. माझं काय वाकडं करणार?"

"तुझं नाही, घराचं करतील," गोदामबाबू म्हणाले.

"मग मी सांगू?" बायको म्हणाली. "दवाखान्यात रोज सांगतो आम्ही लोकांना, तोंडाला वास येतो म्हणून."

"ते लोक पैसे देऊन ऐकायला येतात."

मग गोदामबाबू उठले, त्यांनी शर्टाची बटणं लावली आणि ते जिना चढले.

"काकू," ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. वास आहे. मी गोदामातला माणूस, मी शोध लावला. ओल नेहमी वरून खाली उतरते."

"माझ्या घरात ओल नाही!" मालकीणबाई कडाडल्या.

"नाहीच, काकू. ओल तुमच्या घरात राहत नाही. ती फक्त तुमच्या घरातून जाते. राहायला आमच्याकडे येते."

मालकीणबाईंनी यावर विचार केला. त्यात त्यांच्याविरुद्ध काही सापडेना. "मग?"

"मग ती जाते कुठून, ते बघावं लागेल."

त्यांनी आत पाऊल टाकलं. फरशी आरशासारखी चमकत होती आणि आरशासारखीच निसरडी होती. खिडक्या घट्ट बंद. कपाट बाहेरच्या भिंतीला असं चिकटलं होतं, की जणू भिंतीनेच त्याला धरून ठेवलं होतं. गोदामबाबूंनी कपाट उघडलं. आत एकावर एक घड्या, अर्धवट वाळलेल्या, दाबून भरलेल्या. इतक्या वर्षांत गोदामबाबूंच्या नाकाने पहिल्यांदा काम केलं, आणि लगेच त्याला पश्चात्ताप झाला.

"सापडली," ते तोंडाने श्वास घेत म्हणाले. "इथूनच जाते."

फळ्या सगळ्या खाली अडकल्या होत्या. म्हणून खालचं सगळं सामान फळ्यांवरून उतरवून पुन्हा जमिनीवर आलं. आई पलंगासकट खाली आली आणि म्हणाली, "बरं झालं, वर वारं लागत होतं." मग फळ्या जिन्याने वर गेल्या, आणि मालकीणबाईंचं कपाट भिंतीपासून हातभर, जमिनीपासून वीतभर आलं. त्या कपाटाला चारही पाय होते, म्हणून ते दुप्पट जड होतं. घड्या मोडून कपडे उन्हात गच्चीवर गेले. ढग आले की खाली आले, ढग गेले की वर गेले. त्यांच्याबरोबर गोदामबाबूही वर गेले आणि खाली आले.

"आणि काकू, फरशी एकदाच पुसायची. फडकं घट्ट पिळून. पुसून झालं की पंखा."

"म्हणजे मी आता घाणीत राहू?"

"तुमच्यासाठी नाही हो, खालच्या घरासाठी. तुम्ही पुसता ते पाणी आमच्याकडे उतरतं."

मालकीणबाईंनी सुस्कारा टाकला. "भाडेकरूंसाठी काय काय करावं लागतं!"

महिनाअखेरीस त्या शेवटचा निकाल द्यायला खाली आल्या. सूनबाईला सकाळपासून उसनं आणून खुर्चीवर बसवलं होतं, मांडीवर पातेलं दिलं होतं. मालकीणबाई आत आल्या, तेव्हा घरातल्या एकानेही त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळे सूनबाईकडे बघत होते. सूनबाईने एकदा नाक वर केलं. एक आवंढा गिळला. बायकोने तिचा हात घट्ट धरला.

"ताई," सूनबाई म्हणाली, "काही खायला आहे का हो?"

आईने उशीखालची बिस्किटं काढून दिली.

मालकीणबाईंनी लांब श्वास घेतला आणि या वेळी लगेच सोडलाही. "गेला!" त्या प्रसन्न होऊन म्हणाल्या. "मी म्हणत होते ना? माणसाने मनावर घेतलं की सगळं होतं. तुम्हाला सांगेपर्यंत कळतच नव्हतं."

"नव्हतं," गोदामबाबू म्हणाले.

"आता कुठे जाऊ नका. राहा खुशाल." बायको भिंतीला टेकली आणि हळूच खाली सरकत जमिनीवर बसली. मालकीणबाई पुढे म्हणाल्या, "फक्त दर पंधरवड्याला वर येऊन ते कपाट काढून, कपडे उन्हात घालून, पुन्हा लावून जात जा. म्हणजे तुमच्याकडे वास यायचा नाही. आणि हो, माझी बहीण पलीकडच्या गल्लीत असते ना, ती वर राहते. मागच्या महिन्यात गेले होते, तर तिच्या खालच्या भाडेकरूंकडे मला अगदी हाच वास आला. तिच्याही घरातून ओल जात असणार. मी तुमचं नाव सांगितलंय. तिची दोन कपाटं आहेत."

त्या गेल्या. सूनबाई बिस्किट खात होती. गोदामबाबू कमरेवर हात ठेवून जिन्याकडे बघत उभे होते.

"मी काय म्हणते," आई पलंगावरून म्हणाली, "घर सोडलं असतं, तर सामान एकदाच हलवावं लागलं असतं."